ढबू (सिमला) मिरचीचं बी थंडीत उगवत नाही, उगवलं तर रोप पुढं सरकत नाही: काय तपासायचं?

मार्गशीर्ष लागला की ही तक्रार ठरलेली. "बी बोगस निघालं की वो. दोन आठवडे झाले, ट्रे आहे तसाच. टोमॅटो त्याच दिवशी टाकलेला, त्याला पानं पण फुटली." बेळगाव भागात कडोली, उचगाव, येळ्ळूर, खाली नंदगड, पार जांबोटीपर्यंत गाव बदलतं, वाक्य बदलत नाही. मग दुकानदाराशी भांडण, दुसरं पाकीट, पुन्हा तोच ट्रे आणि पुन्हा तीच थंडी. तिसऱ्यांदा बी टाकेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो, ऊन चढायला लागतं आणि ते बी नेमकं उगवतं. झालं! "या कंपनीचं बी चांगलं" असा निकाल लागतो आणि पुढच्या वर्षी त्याच कंपनीच्या नावानं बोटं मोडणं सुरू होतं.

कंपनीचा यात फारसा संबंध नसतो. मिरचीचं मूळ घर मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, आणि जमिनीची ऊब हीच तिची पहिली अट. बियांभोवती ३० अंश सेल्सिअस मिळालं तर साधारण ८ दिवसांत कोंब वर येतो. २५ अंशांवरही जवळपास तेवढेच दिवस लागतात. २० वर १२-१३ दिवस, १५ वर सुमारे २५ दिवस आणि १० अंशांवर बी हलतच नाही. टोमॅटो याच १५ अंशांवर दोन आठवड्यांत वर येतो. म्हणून शेजारचा टोमॅटो उगवला यावरून ढबूचं बी खराब ठरत नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८-२९ अंशांचं छान ऊन असतं, त्यामुळं आपल्याला थंडी जाणवते ती फक्त पहाटे. बियांना मात्र संध्याकाळी सातपासून सकाळी नऊपर्यंत, म्हणजे चौदा तास, ती थंडी भोगावी लागते. शहापूरच्या एखाद्या वाड्याच्या परसात उगवलेलं बी खानापूरकडच्या रानात उगवत नाही ते यामुळंच.

आधी ट्रेचा ताप मोजा

मोबाईलवर १६ अंश दिसले म्हणून ट्रेमध्येही १६ असतील असं नाही. ट्रेमधला ओला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कोरड्या वाऱ्यात आपली ऊब वाफेबरोबर घालवत राहतो. त्यात ट्रे उघड्या आभाळाखाली असेल तर आणखी गार होतो. सकाळी ज्या ट्रेवर दहिवर साचलेलं दिसतं तो रात्री आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होता, हे त्या दहिवरावरूनच कळतं. गच्चीवर ठेवलेल्या ट्रेंची ही गत हमखास होते. तोच ट्रे पागोळीच्या आत, भिंतीला लावून ठेवला तरी फरक पडतो.

तापाचा थर्मामीटर इथं चालत नाही, तो ३५ अंशांच्या आसपासच सुरू होतो. माशांच्या टाकीसाठी वायरच्या टोकाला सेन्सर असलेला छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो घ्या. सेन्सर ट्रेच्या मधल्या एखाद्या कप्प्यात, बी जेवढं खोल आहे तेवढाच खुपसा. एकदा सूर्य उगवायच्या आधी आणि एकदा दुपारी तीनच्या सुमाराला आकडा बघा. सकाळी १३ आणि दुपारी २५ आले तर सरासरी १९ धरा आणि दोन आठवडे गप्प बसा. औषधाच्या दुकानात जाऊ नका. सकाळी १० आणि दुपारी २० आले तर मात्र वाट बघण्यात अर्थ नाही. बी फुगून पडलेलं असतं आणि ओलाव्यात ते कुजायची शक्यता रोज वाढत जाते.

बी मेलंय का थांबलंय?

हे बाहेर काढून बघितल्याशिवाय कळत नाही. काडीनं दोन-तीन कप्पे उकरा, बी तळहातावर घ्या, पाण्यानं धुवा आणि नखानं हलकेच दाबा. टणक लागलं आणि चिरल्यावर आत पांढरट, ओलसर दिसलं तर ते जिवंत आहे. टोकाशी पांढरा ठिपका डोकावत असेल तर मुळी निघायच्या बेतात आहे, त्या ट्रेला फक्त ऊब हवी. दाबल्यावर फुटून तपकिरी पाणी आलं, आंबूस वास आला, तर ते गेलं.

पाकिटात बी उरलं असेल तर त्यातल्या २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून, मटकीला मोड आणतो तशा, डब्यात घालून उबेला ठेवा. दहा दिवसांत १२ किंवा जास्त बियांना मोड आले तर बी ठीक आहे. ढबूच्या प्रमाणित बियाण्याला किमान ६० टक्के उगवण लागते, त्यामुळं शंभरातलं शंभर उगवावं ही अपेक्षाच चुकीची. बारापेक्षा फारच कमी आले तर पाकीट, लॉट नंबर आणि पावती घेऊन दुकानात जा, तेव्हा तुमच्या बोलण्याला वजन असेल. पाकीट फाडून चुलीत टाकलं असेल तर भांडायला हातात काही राहत नाही. गुलाबी, निळं असं रंगवलेलं बी असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. त्याला रात्रभर भिजवू नका, डबा स्वयंपाकघरातला घेऊ नका आणि हात धुवा. साधं, न रंगवलेलं बी मात्र कोमट पाण्यात रात्रभर भिजवून टाकलं तर दोन-तीन दिवस वाचतात.

परसबागेतल्या मंडळींची एक वेगळीच भानगड असते. बाजारातली हिरवी ढबू चिरताना निघालेल्या बिया वाळवून ठेवायच्या आणि त्या टाकायच्या. हिरवं फळ म्हणजे कच्चं फळ. त्यातलं बी पुरतं भरलेलं नसतं, थंडी असो नसो ते धड उगवत नाही. पूर्ण लाल झालेल्या फळातलं बी उगवतं, पण ते बहुधा संकरित वाणाचं असतं, त्यामुळं पुढचं झाड आईसारखं निघेल याची खात्री नाही. घरचं बी धरायचंच असेल तर कॅलिफोर्निया वंडर किंवा बेंगळुरूच्या हेसरघट्टा इथल्या संस्थेनं काढलेला अर्का मोहिनी असे सरळ, म्हणजे संकरित नसलेले वाण घ्या. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या पुडीवर मात्र भरवसा ठेवू नका.

ऊब कुठून आणायची

खरं काम इथंच आहे. उगवायच्या काळात बियांना उजेड लागत नाही, फक्त ऊब आणि ओल लागते. याचा फायदा घ्या.

जास्त ट्रे असतील तर रोपवाटिकावाले करतात तेच करा. कोकोपीट भरून, बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाकून, पाणी देऊन ट्रे एकावर एक आठ-दहा रचायचे. सगळ्यात वर एक रिकामा ट्रे पालथा घालायचा आणि आख्खी थप्पी प्लॅस्टिकच्या कागदानं गुंडाळून बंद खोलीत ठेवायची. वाफ आतच राहते, ट्रे सुकत नाही आणि त्यामुळं गारही पडत नाही. पाचव्या दिवसापासून रोज उघडून बघायचं. चार-दोन कप्प्यांत पांढरी, वाकलेली मान माती ढकलताना दिसली की त्याच दिवशी थप्पी मोडून ट्रे उजेडात मांडायचे. "उद्या बघू" म्हटलंत तर दुसऱ्या दिवशी बोटभर लांब, पांढरीफटक, लुळी रोपं हाती येतात आणि ती पुन्हा कधी सरळ होत नाहीत.

दोन-चारच ट्रे असतील तर मासळी बाजारातली थर्माकोलची पेटी आणा. गोवा-कारवारहून मासळी येते त्या पेट्या. साबणानं घासून उन्हात वाळवल्या की झकास. संध्याकाळी बंबातलं कडकडीत पाणी दोन जाड बाटल्यांत भरायचं, बाटल्या गोणपाटात गुंडाळून पेटीच्या दोन टोकांना ठेवायच्या, मध्ये ट्रे, वर झाकण. निजायच्या आधी पाणी एकदा बदललं तर पहाटेपर्यंत आत २० च्या वर राहतं. दुपारी झाकण काढून पेटी उन्हाच्या कडेला सरकवायची. बरेच जण पेटीत एलईडी दिवा लावतात. त्यानं उजेड पडतो, ऊब मिळत नाही म्हटलं तरी चालेल. जुना पिवळा ४० वॅटचा दिवा असेल तर तो चालतो, पण थर्माकोलपासून वीतभर लांब टांगा, ते पेट घेतं.

गोठा असेल तर आणखी सोपं. रात्री जनावरांच्या अंगाच्या उबेनं गोठ्यातली हवा अंगणातल्या हवेपेक्षा चांगलीच गरम असते आणि माळ्यावर तर जास्तच. ट्रे कागदात गुंडाळून माळ्यावर टाका, उंदरांचा बंदोबस्त तेवढा करा. ढबूचं बी त्यांना आवडतं.

आणि हे कुणी करत नाही पण करून बघण्यासारखं आहे: ताजं शेण आणि भाताचा पेंढा मिसळून दीड-दोन फुटांचा थर द्यायचा, ओला करायचा, दाबायचा. दोन-तीन दिवसांत तो आतून तापायला लागतो, हात घालवत नाही इतका. लगेच ट्रे ठेवला तर बी शिजून जाईल. आठवडाभरानं थर जरा निवला की त्यावर चार बोटं जुनं, कुजलेलं खत पसरायचं, सेन्सर खुपसून ३० च्या आसपास आकडा आलाय का बघायचं, नाकाला अमोनियाचा वास झोंबत नाही ना ते बघायचं आणि मग ट्रे मांडून वर बांबूच्या कामट्यांवर प्लॅस्टिक ओढायचं. ही ऊब दोन-तीन आठवडे टिकते. ना वीज, ना बाटल्या, आणि शेवटी खत शेतात जातंच.

चुलीच्या ओट्यावर ट्रे ठेवणं मला पटत नाही. एका बाजूनं भाजतो, दुसऱ्या बाजूनं गार आणि दुपारपर्यंत खडखडीत वाळतो.

उगवली आणि कोलमडली

पान हिरवं, टवटवीत, आणि रोप मात्र आडवं. जवळून बघा: मातीला लागून देठ दोऱ्यासारखा बारीक, पाणचट तपकिरी झालेला असतो. ही मर. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशी ती आणतात. बुरशी सगळीकडं असतेच, पण उबेत रोप आठ दिवसांत देठ टणक करून तिच्या तावडीतून सुटतं. थंडीत तेच रोप तीन आठवडे कोवळं राहतं, म्हणून सापडतं.

मर वाढवणारी सवय म्हणजे पाणी. सकाळी सातला टाकीतलं बर्फासारखं पाणी झारीनं वरून ओतायचं, संध्याकाळी परत एकदा, "सुकायला नको" म्हणून. थंडीत ट्रे सुकतच नाही. कप्पा बोटानं दाबून बघा. पाणी वर आलं तर त्या दिवशी पाणी नाही. द्यायचंच तर दहा-अकराला, उन्हात ठेवून कोमट झालेलं आणि शक्यतो ट्रे परातीत बुडवून खालून. ट्रेमध्ये शेतातली माती मिसळू नका. कोकोपीट धुऊन, क्षार काढून वापरा.

मर लागलेले कप्पे मातीसकट काढून लांब टाका आणि बाकीच्यांना कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला ३ ग्रॅम घेऊन भिजेल एवढंच द्या. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वापरणार असाल तर ते बी टाकायच्या आधी कोकोपीटमध्ये मिसळायचं असतं. मर लागल्यावर ते घालून उपयोग नाही, आणि तांब्याच्या औषधाबरोबर तर मुळीच नको, ती बुरशीच मरते. थंड माध्यमात तिचं कामही मंदच चालतं.

हिरवी शेडनेट बारा महिने ताणून ठेवणाऱ्यांनी डिसेंबरात ती दिवसा काढावी. एप्रिलमध्ये जी सावली रोप वाचवते, तीच पौषात त्याला उपाशी ठेवते. दिवसा उघडं ऊन आणि रात्री प्लॅस्टिकचा बुटका बोगदा, ही उलटी पद्धत इथं लागते. सकाळी नऊला बोगद्याची तोंडं उघडायला विसरू नका, आत पटकन ४० अंश होतात.

बियांची टोपी पानांवर अडकून बसली असेल तर बी फार वर पडलं होतं. पाण्याचा फवारा मारून पाच मिनिटांनी नखानं सोडवा. कोरडी ओढू नका, पानं तुटतात.

रोप जांभळं, जागच्या जागी

देठ आणि पानाची खालची बाजू जांभळट, वाढ बंद. हे बघून डीएपीचं पाणी ओतायची आपल्याकडं सवय आहे. गार माध्यमात मुळांना डीएपीतलं स्फुरद (फॉस्फरस) उचलताच येत नाही, मग खत कितीही असो. वर ओतलेलं डीएपी कप्प्यात क्षार वाढवतं आणि होती ती मुळंही जाळतं. रात्री १६-१८ अंशांच्या खाली जाऊ दिलं नाही तर नवं पान हिरवं येतं, तेच औषध. दोन खरी पानं आल्यावर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, एवढं बास.

पान वर वळलं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी. हा थंडीचा दोष नव्हे, त्याचं औषध वेगळं.

पानांवर हिरवे-पिवळे चट्टे, पान आक्रसलेलं आणि जवळपास कुणी तंबाखू मळणारं असेल तर विषाणूचा संशय घ्या. निपाणी-चिकोडी पट्ट्यात हे लक्षात ठेवायलाच हवं. तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही जिवंत राहतो, म्हणजे बिडी, जर्दा, चुना-तंबाखू यांतून हाताला लागतो आणि हातातून मिरचीच्या रोपाला. बिड्या वळून आलेल्या हातांनी रोपांची विरळणी केली तर रोग आपणच पेरतो. साबणानं हात धुऊन, मगच ट्रेला हात लावायचा. कामावर आलेल्या मामांना हे सांगणं जरा अवघड जातं, पण सांगावं. लागण झालेलं रोप बरं होत नाही, उपटून जाळा.

मग बी टाकावं कधी?

मार्गशीर्षात बी टाकणारे वेडे नाहीत. जानेवारी संपताना टाकलं तर फुलं एप्रिलअखेर येतात, तेव्हा दुपारी ३५-३६ अंश असतात, आणि ३२ च्या वर ढबूची फुलं गळतात. म्हणून उन्हाळी पिकाला डिसेंबरच्या शेवटी बी, फेब्रुवारीच्या मध्याला लागवड आणि मार्चमध्ये फुलं, हाच हिशोब बसतो. फक्त उगवणीचे दहा-बारा दिवस आणि रोपाच्या रात्री उबेत काढायच्या. त्यासाठीच वरची सगळी खटपट.

ज्यांना ती नको त्यांनी श्रावणाच्या उत्तरार्धात बी टाकावं. माती गरम असते, गणपती झाल्यावर, सप्टेंबरअखेर लागवड होते आणि थंडी पडायच्या आत पहिली फळं धरलेली असतात. आषाढात नको. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात सूर्यच दिसत नाही, रोपं नुसती उंच होतात. लागवड गादीवाफ्यावर करा. खानापूरकडची तांबडी माती पाणी सोडते आणि लवकर तापते. निपाणीकडची काळी माती ओली असेपर्यंत गारच राहते, तिथं वाफा एक वीत तरी उंच हवा आणि काळं मल्चिंग घातलं तर मुळांना बरंच.

फळ बटणाएवढं राहतं

झाड चांगलं, फुलं भरपूर, आणि फळं चपटी, सुपारीएवढी. एक कापून बघा. आत बिया नाहीत किंवा चार-दोनच असतील तर फूल कळीत असताना रात्री १५ अंशांच्या खाली गेल्या होत्या. थंडीत पराग निकामी होतो, फळ धरतं पण बी भरत नाही, आणि बी नसेल तर फळ फुगत नाही. बोरॉन, टॉनिक, संजीवकं यांवर पैसे घालवू नका. पराग मेल्यावर बाटलीतलं काही त्याला उठवत नाही.

पहिल्या दुबेळक्यातली, म्हणजे खोडाला पहिल्यांदा दोन फांद्या फुटतात तिथली कळी तर थंडी असो नसो, खुडूनच टाकायची. लहान झाडावर ते एक फळ पोसायला गेलं की बाकीची वाढ अडते. जानेवारीतली बटणंही ठेवू नका, ती झाडाची ताकद खातात आणि मोठी कधीच होत नाहीत. फेब्रुवारीत रात्री सुधारल्या की पुढची फुलं व्यवस्थित धरतात. खुडलेली बटणं भरली ढबू करायला उपयोगाची नाहीत, पण चिरून, बेसन पेरून भाजीला चालतात.